माहेरचं कार्ड

दातिवरे,
२८ सप्टेंबर २०२५

मेघाली,

आशीर्वाद लिहायला पेन टेकवलं आणि उचललं. ते राहू देत.

तू माझा नंबर बंद करून ठेवला आहेस. माझ्या पोराच्या, रूपेशच्या फोनवरून लावला की रिंग जाते, माझ्या फोनवरून लावला की जात नाही. एवढं कळायला कॉम्प्युटर शिकावा लागत नाही. आत्या आहे मी तुझी, कर्जवसुलीवाली बाई नाही. म्हणून हे पत्र. ठकी मासळी घेऊन पालघरच्या बाजारात जाते, ती वाचनालयात येसूबाईकडे देईल. दर मंगळवारी तू तिथली कॉम्प्युटरची मशीनं बघायला येतेस, तेव्हा मिळेल. ठकी विचारत होती, "बाय, यवडं काय हाय ह्यात?" मी म्हटलं, विंचू आहे, पाटीत सुकटीखाली ठेव.

आता ऐक. गणपती झाल्यावर मी रक्तदाबाच्या गोळ्या आणायला पालघरला आले होते. तशीच वाचनालयात गेले आणि खिडकीजवळच्या मशीनवर बसले. ऑगस्टमध्ये तूच मला त्या खुर्चीवर बसवून शिकवलं होतंस, "आत्या, आधी कार्डाचा नंबर टाक, मग हवं ते शोध." मी शोधलं. बापाच्या जमिनीत मुलीचा वाटा, ह्यावरचं पुस्तक. ते कुणीतरी नेलेलं होतं, म्हणून 'राखून ठेवा' असं लिहिलं होतं तिथे दाबलं. कुणाशी शब्द बोलले नाही. येसूबाई समोर होती, तिलासुद्धा विचारलं नाही.

आणि त्याच आठवड्यात तुझ्या बाबांचा फोन. "काय इंदू, वकील होतेस काय म्हातारपणी?" पुस्तकाचं नाव त्याने मला वाचून दाखवलं, अक्षरन् अक्षर.

त्याला कुणी सांगितलं? मशीन तुझं, त्यातली खाती तू उघडलेली, किल्ल्या तुझ्याकडे. येत्या भाऊबीजेला केळव्याच्या वाडीवरचा माझा हक्क सोडल्याच्या कागदावर त्याला माझी सही हवी आहे, हेही तुला माहीत आहे. मी हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं. आधी वाचायचं होतं मला. कुणाला कळू न देता, माझ्या वेगाने. तेवढंही तू मला करू दिलं नाहीस.

बापाची लेक आहेस, ठीक. पण हेर व्हायला कुणी सांगितलं होतं?

इंदुमती


बोईसर,
३० सप्टेंबर २०२५

ती. इंदुआत्या यांस,

पत्र मिळालं. सुकटीचा वास येतो आहे, पण वाचता आलं.

तुम्ही बाबांना फोनवर चोर म्हणालात आणि मग मला फोन करून तेच पुन्हा ऐकवलंत. मी तेव्हा एका कारखान्यात काम करत होते, फोन स्पीकरवर होता आणि बाजूला चार माणसं उभी होती. म्हणून नंबर बंद केला. वाडीच्या भांडणात मला कुठल्याच बाजूला उभं राहायचं नाही.

आता मुद्दा. कोण काय शोधतं ते मी बघत नाही. मला तेवढा वेळ नाही आणि तेवढा रसही नाही. वाचनालयातल्या प्रत्येक सभासद कार्डाचं एक खातं आहे. खात्याला एक मोबाइल नंबर जोडलेला आहे. राखून ठेवलेलं पुस्तक परत आलं की त्या नंबरवर आपोआप मेसेज जातो, त्यात पुस्तकाचं नाव असतं. मेसेज पाठवायला कुणी माणूस बसलेला नाही.

तुम्ही जो नंबर टाकलात ते कार्ड बाबांच्या नावावर आहे. आधी आजोबांच्या नावावर होतं, ते गेल्यावर बाबांच्या नावावर झालं. त्यामुळे मेसेज बाबांना गेला. व्यवस्थेने तिला सांगितलेलं काम बरोबर केलं आहे.

लग्न होऊन इतकी वर्षं झाली, तुम्ही स्वतःचं कार्ड का काढलं नाहीत? दुसऱ्याच्या खात्यातून काही केलं तर ते त्याला दिसणारच. ह्याला हेरगिरी म्हणत नाहीत.

मेघाली


दातिवरे,
४ ऑक्टोबर २०२५

मेघालीबाई,

तुम्ही मला 'तुम्ही' म्हणायला लागलात, मग मीही मान देते. तुमच्या शेंबडाने माझे चार पदर खराब झालेले आहेत, त्याचा हिशेब पुढे कधीतरी.

दुसऱ्याचं खातं म्हणतेस? ऐक मग.

मी तिसरीत असताना तुझ्या आजोबांनी ते कार्ड काढलं. नाव त्यांचं, पण पुस्तकं आणायला जात होते मी. केळव्याहून पालघर, परकर-पोलक्यात, चिकूच्या टेम्पोत बसून. तुझा बाप बळवंत कधी एकदा त्या पायऱ्या चढलेला मला आठवत नाही. लग्न ठरलं तेव्हा मी कार्ड परत करायला गेले. येसूबाई तेव्हा नवी लागली होती, माझ्याच वयाची. म्हणाली, "राहू दे गो, माहेरचं कार्ड आहे. पालघरला आलीस की ने पुस्तक." मग काय, नेत राहिले. पालघर तालुक्यात माझ्यासारख्या किती बायका माहेरच्या कार्डावर वाचतात ते येसूबाईला विचार. सासरी कार्ड मागायचं म्हणजे आधी सांगावं लागतं, कशाला पाहिजे. माहेरच्या कार्डाला कुणी विचारत नाही. विचारत नव्हतं. तू मशीन आणेपर्यंत.

माहेरचं म्हणून माझ्याकडे उरलेलं ते तेवढंच होतं. वाडीत गेले तर हल्ली चहा मिळतो, चिकू मिळत नाहीत.

आता पुढचं ऐक. काल मी पुस्तक आलं का बघायला गेले. येसूबाईने मशीनमध्ये बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. पुस्तक बळवंत घेऊन गेला. स्वतः. मी राखून ठेवलेलं पुस्तक, मला वाचता येऊ नये म्हणून. वर वाचनालयाच्या चिटणीसांना सांगून गेला, की ह्या कार्डावर यापुढे घरच्या माणसांशिवाय कुणाला काही द्यायचं नाही. चिटणीस बाहेर येऊन सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, तुमचं नाव ह्या कार्डावर नाही. सासरकडचं कार्ड काढा."

बाकावर बसलेली पोरं वर्तमानपत्रं खाली करून बघत होती. माझं वय एकसष्ट आहे.

पुस्तक तुझ्या केळव्याच्या घरात आहे. माझं खोटं वाटत असेल तर जाऊन शोध. शोधण्यातच हुशार आहेस ना?

आणि कुठल्याच बाजूला उभं राहायचं नाही म्हणतेस, तर हेही ऐकून ठेव. बळवंत फोन ठेवता ठेवता मला म्हणाला, "मेघाली पण सही करतेय, तिचं काय तोंड वाकडं नाय झालं. तुलाच कसली आलीय एवढी?" कसली सही करते आहेस, बाई? विचारलंस का कुणाला?

इंदुमती


बोईसर,
१३ ऑक्टोबर २०२५

आत्या,

उत्तराला उशीर झाला. आधी बघायचं होतं, मग लिहायचं होतं.

मंगळवारी वाचनालयात गेले तेव्हा देवघेवीच्या काउंटरवर सरावलीचा एक माणूस फोन पुढे धरून उभा होता. कारखान्यातून सुटून आला होता, गळ्यात ओळखपत्र तसंच होतं. म्हणाला, "मॅडम, ये मेसेज मेरे को कायको आया? मैंने तो कोई किताब नहीं मांगी." मेसेजमध्ये नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेच्या पुस्तकाचं नाव होतं. काउंटरवरचा मुलगा हसला. "आपने नहीं तो भाभीने मांगी होगी." तो माणूस हसला नाही. फोन खिशात टाकला आणि म्हणाला, "अच्छा. मेरे को बोली नहीं." एवढंच बोलून गेला. त्याची बायको पुन्हा त्या मशीनवर बसेल असं मला वाटत नाही.

मग मी खात्यांची यादी उघडली. इतके महिने मी ती फक्त नंबर म्हणून बघितली होती. एक कार्ड, एक खातं, एक फोन. त्या दिवशी नावं वाचली. जवळजवळ सगळी पुरुषांची होती, आणि वाचनालयात रोज बसलेल्या असतात त्या बायका. जुन्या नोंदी मशीनमध्ये भरल्या तेव्हा कार्ड म्हणजे घर, आणि घर म्हणजे कर्ता पुरुष, हे मी जसंच्या तसं आत घेतलं. मला त्यात काही चूक दिसली नाही, कारण मीसुद्धा त्याच कार्डावर पुस्तकं वाचून मोठी झाले. ऑगस्टमध्ये मी तुला जो नंबर टाकायला सांगितला तो बाबांचा आहे, हे मला पाठ होतं. तरी माझ्या डोक्यात काही वाजलं नाही.

मी आधी असं सुचवलं होतं, की शोधायच्या मशीनला लॉगिन नकोच. कुणीही यावं, बसावं, शोधावं, उठावं. चिटणीस म्हणाले, कोण काय शोधतं ते कळायला पाहिजे, उद्या कुणी भलतंसलतं शोधलं तर? मी वाद घातला नाही. काम संपवायचं होतं. तू मला हेर म्हणालीस तो शब्द चुकीचा आहे. पण माझं वागणं हेराच्या उपयोगी पडलं, एवढं खरं आहे.

काल रविवारी केळव्याला गेले. पुस्तक टीव्हीखालच्या खणात आहे, वाचनालयाचा शिक्का वर. बाबांना विचारलं, हे कशाला आणलंत?

"वाचायला."

"वाचलंत?"

"तुझ्या आत्याचं डोकं फिरलंय. तिच्या हातात हे पडलं असतं तर वाडीचे दोन तुकडे झाले असते." मग माझ्या पाठीवर थाप मारली. "बरं झालं तू वेळेत कळवलंस. शाबास. मला वाटलंच, पोरगी आपली हाय."

मी म्हटलं, मी काही कळवलं नाही. ते हसले. "असू दे, असू दे. आत्याला नाय सांगत मी."

आत्या, मला माझ्याच बापाने शाबासकी दिली, आणि मला कुणाला कधी मारावंसं वाटलं असेल तर तेव्हा.

मग सहीचं विचारलं. निमेशसमोरच विचारलं. बाबा म्हणाले, "तुझं लग्न व्हायचंय. तुला काय वाडी पदरात बांधून न्यायची हाय? तुझा भाऊ निमेश इथं राहणार, तो बघणार." निमेश फोनमध्ये बघत होता. मी म्हटलं, मला कुणी विचारलं का? आई आतून म्हणाली, "जेवताना नको ग." आम्ही जेवत नव्हतो. जेवायला अजून तास होता.

मी पुस्तक उचललं नाही. ते बाबांच्या नावावर गेलेलं आहे, त्यांनीच परत करायला हवं. पण उभ्याने वीस पानं वाचली. वाचल्यावर मला दोन जणींचा राग आला, तुझा आणि माझा. आपण दोघीही इतकी वर्षं न विचारता त्या घरात पाहुण्यासारख्या चहा पीत होतो.

मेघाली


दातिवरे,
१५ ऑक्टोबर २०२५

मेघाली,

माझा राग तुला आला, ठीक आहे. मलाही येतो. पण तुझ्यावरचा गेला असं समजू नकोस. कळलं म्हणून चूक पुसली जात नाही. घाण केलीस तिथे पाणी मार, मग बोल.

त्या सरावलीच्या बाईचं काय करणार आहेस? मी काय, म्हातारी, भावाशी भांडेन नाहीतर नाही भांडणार. तिला घरी जाऊन त्याच माणसाला जेवायला वाढायचं असतं. मला सांग, तुझी ती मशीनं सुधारता येतात की नाही? येत असतील तर सुधार. येत नसतील तर उचलून समुद्रात टाक, ठकीला सांगते, तिचा नवरा होडी देईल.

भाऊबीजेचं ठरवलं आहे. मी केळव्याला येणार. ओवाळणार. दरवर्षी ओवाळते तशीच, नारळ, करदोटा सगळं. बळवंत साडी देईल आणि मग पाटावरून उठायच्या आधी कागद पुढे करेल. आमच्याकडे ही जुनीच रीत आहे, साडी आणि सही एकाच ताटात. माझ्या दोन्ही नणंदांनी अशाच सह्या केल्या, माझ्या सासऱ्यांनी घेतल्या, मी बाजूला निरांजन धरून उभी होते. मला तेव्हा काही वाटलं नाही. साड्या चांगल्या होत्या.

ह्या वेळी मी सही करणार नाही. तू काय करतेस ते तुझं तू ठरव. मला आधी कळवू नकोस. मला तिथेच बघायचं आहे.

इंदुआत्या


बोईसर,
१८ ऑक्टोबर २०२५

आत्या,

ठकी दिवाळीत येणार नाही म्हणाली, म्हणून आजच लिहिते. कळवू नकोस म्हणालीस ते कळवत नाही. मशीनचं कळवते.

सुधारता येतात. दोन दिवसांचं काम होतं. ते मशीनं बसवली तेव्हा, मे महिन्यातच करायला हवं होतं.

शोधायच्या मशीनवर आता लॉगिन नाही. तिथे एकच उघडं खातं आहे आणि त्या खात्याला पुस्तकं शोधण्यापलीकडे काहीही करता येत नाही. ते कुणाचं नाही. माणूस खुर्चीवरून उठला आणि थोडा वेळ कुणी हात लावला नाही, की त्याने काय शोधलं ते मशीन पुसून टाकतं. चिटणीसांना दिसत नाही, मलाही दिसत नाही. पुस्तक राखून ठेवायचं तर काउंटरवर जाऊन, स्वतःच्या कार्डावर, स्वतःच्या फोनवर. मेसेजमध्ये पुस्तकाचं नाव जात नाही. फक्त एवढंच जातं, की तुमचं पुस्तक आलं आहे.

आणि कार्ड घराचं नाही, माणसाचं. येसूबाईने पाटी लिहून दारात लावली. तिचं अक्षर अजून सुंदर आहे.

चिटणीस काल आले. पाटी वाचली आणि थेट माझ्याकडे.

"कुणाला विचारून केलंत हे?"

"कामाच्या करारात लिहिलं आहे, वाचकाची माहिती दुसऱ्याला दिसणार नाही अशी मांडणी. मी ती केली नव्हती. आता केली."

"अहो, घरातल्या माणसाला घरात काय चाललंय ते कळलं तर बिघडलं कुठे? आम्ही काय परके आहोत?"

"तुम्ही काय वाचता ते मी तुमच्या सौभाग्यवतींना कळवू का?"

ते लाल झाले. येसूबाई पुस्तकांच्या मागे जाऊन खोकत बसली. संध्याकाळी माझ्या साहेबांना फोन गेला. सोमवारपासून वाचनालयाचं काम माझ्याकडे नाही, निमेशच्या वयाच्या एका मुलाकडे आहे. मला कारखान्यांचीच कामं बघायला सांगितलं आहे. त्या मुलाला मी सगळी मांडणी समजावून दिली आणि करारातलं कलमही दाखवलं. म्हटलं, कुणी तोंडी सांगितलं आणि तू हे बदललंस, तर जबाबदारी तुझी. तो घाबरला आहे. घाबरलेलाच बरा.

सरावलीला मी गेले नाही. जाऊन काय सांगणार, आणि मी गेल्याने तिच्या घरी आणखी प्रश्न झाले असते. येसूबाईला तिचं नाव विचारून तिच्यासाठी एक कार्ड तयार करून ठेवलं आहे. ती आली तर मिळेल. येईल का, माहीत नाही. हे मला दुरुस्त करता आलेलं नाही.

तुझं कार्डही काउंटरवर आहे. फोन नंबर तुझा टाकला आहे. येसूबाई विचारत होती, "इंदूचं आडनाव कुठलं घालू, माहेरचं की सासरचं?" मी ती जागा कोरी ठेवायला सांगितली. तुझं तू ये आणि सांग.

गुरुवारी भेटू.

मेघाली


दातिवरे,
२९ ऑक्टोबर २०२५

चि. मेघाली,

अनेक आशीर्वाद.

तू सही न करता कागद बाबांच्या हातात परत देऊन, चप्पल घालून निघालीस तेव्हा मला वाटलं, ही पोर थोडी थांबली असती तर बरं झालं असतं. मग वाटलं, नको, बरी गेलीस. पुढचं तू बघितलं असतंस तर बोलली असतीस, आणि मला ते माझं मी बोलायचं होतं.

तू गेल्यावर बळवंतने तोच कागद माझ्यापुढे धरला. "पोरगी लहान आहे, तिला कळत नाही. तू तरी शहाणी हो." मी म्हटलं, ती जायच्या आधी "विचार करून उत्तर देईन" म्हणाली, मी विचार करून आले आहे. नाही. तो म्हणाला, "मग माझ्याकडे कशाला आलीस?" मी म्हटलं, "ओवाळायला. भाऊ आहेस म्हणून. वाडी आहे म्हणून नाही."

त्याने पाटावरची साडी उचलली. मोरपंखी होती ग, छान होती. उचलली आणि वहिनीच्या हातात दिली, म्हणाला, आत ठेव. तुझी आई ती छातीशी धरून उभी राहिली, आत जाईना आणि माझ्याकडे बघेना. मी म्हटलं, ठेव ग, तुला शोभेल. मग रिकामं ताट घेऊन बाहेर आले. अक्षता त्याच्या डोक्यात होत्या, टिळा कपाळावर होता. साडी त्याला परत घेता आली. टिळा मला परत देता आला नाही त्याला.

बसस्टॉपवर मी रडले. रागाने रडले, दुःखाने नाही. ह्या वयात दोन्हीतला फरक कळतो.

काल पालघरला गेले. वकिलाकडे रूपेश सोमवारी घेऊन जाणार आहे. त्याला सगळं सांगितलं, तो म्हणाला, "आई, आत्तापर्यंत का नाय बोललीस?" पुढे केव्हातरी त्याच्या बायकोकडे बघून त्यालाच कळेल.

वाचनालयात कार्ड घेतलं. येसूबाईने पेन हातात दिलं, म्हणाली, "आडनाव?" मी लिहिलं इंदुमती, आणि पेन परत दिलं. ती म्हणाली, "पुढचं?" म्हटलं, एवढंच पुरे, फोन नंबर माझा आहे ना? चिटणीस आतून बघत होते. आले नाहीत बाहेर.

ते पुस्तक परत आलेलं नाही. बळवंतला आता दंड लागायला लागला असेल, लागू दे. येसूबाई सांगत होती, सरावलीची बाई अजून आली नाही. तिचं कार्ड खणात वरच ठेवलं आहे, ती रोज बघते.

मग मी खिडकीजवळच्या मशीनवर बसले. नंबर मागितला नाही त्याने. बराच वेळ बसले होते. उठल्यावर बाजूला उभी राहून बघत राहिले, पडदा कोरा होईपर्यंत.

काय शोधलं ते तुला सांगणार नाही.

आणि माझा नंबर उघड. अजून बंदच लागतो आहे.

तुझी,
आत्या